ब्रिटनमध्ये गाण्यांशिवाय, नुसत्या बोलण्यावर दिवसभर रेडिओ चालतो, तो नेमका कसा असतो?

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ३० सप्टेंबर १९६७ रोजी सुरू झालेले बीबीसीचे ‘रेडिओ ४’. सकाळी बातम्या आणि चर्चा, दुपारी सव्वादोनच्या सुमारास श्रुतिका (म्हणजे रेडिओवरचे नाटक), संध्याकाळी साडेसहाला अर्ध्या तासाचा विनोदी कार्यक्रम आणि अधूनमधून माहितीपर कार्यक्रम, असा तेथील कामकाजाच्या दिवसाचा साचा वर्षानुवर्षे श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेला आहे.

संध्याकाळी सातला लागणारी ‘द आर्चर्स’ ही मालिका मात्र आवर्जून ऐकण्यासारखी आहे. १९५१ पासून देशभर प्रसारित होणाऱ्या या मालिकेत अँब्रिज या काल्पनिक खेड्यातील शेतकरी कुटुंबांची कथा चालते, आणि युद्धोत्तर टंचाईच्या काळात शेतीची नवी माहिती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवणे हाही तिचा सुरुवातीचा हेतू होता. शेताचे लोखंडी फाटक उघडल्याचा खणखणाट स्टुडिओत इस्त्रीच्या जुन्या घडीच्या टेबलातून काढला जातो, आणि तरीही ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चिखल, कुंपण, गुरे सारे उभे राहते. माझ्या मते श्रुतिकेची खरी ताकद हीच आहे; दृश्याची उणीव तेथे क्षणभरही भासत नाही.

जुन्या श्रुतिका आणि विनोदी मालिकाच हव्या असतील, तर २००२ मध्ये ‘बीबीसी ७’ या नावाने सुरू झालेले आणि २०११ मध्ये ‘रेडिओ ४ एक्स्ट्रा’ झालेले केंद्र अधिक उपयोगी पडेल, कारण त्याचा बराचसा वेळ बीबीसीच्या संग्रहातील कार्यक्रमांनाच दिलेला असतो.