बक कन्व्हर्टरच्या (डीसी व्होल्टेज कमी करणाऱ्या सर्किटच्या) मॉसफेटमधला, म्हणजे त्यातल्या स्विचिंग ट्रान्झिस्टरमधला, स्विचिंग करंट, ट्रॅक न कापता, चुंबकीय प्रोबने मोजता येतो का?

हो, येतो, पण साधा लूप प्रोब करंट दाखवत नाही, करंट किती वेगाने बदलतोय ते दाखवतो. फॅरडेचा नियमच तसा आहे: लूपमधलं व्होल्टेज म्हणजे म्युच्युअल इंडक्टन्स (ट्रॅक आणि लूप यांच्यातल्या चुंबकीय जोडणीचं माप) गुणिले करंट बदलण्याचा वेग. 20 नॅनोसेकंदांत करंट 10 अँपिअरने चढला आणि म्युच्युअल इंडक्टन्स 1 नॅनोहेन्री असेल, तर स्कोपवर साधारण अर्ध्या व्होल्टचा पल्स दिसेल. करंटचा खरा आकार हवा असेल तर या सिग्नलचं इंटिग्रेशन करावं लागतं. रोगोव्स्की प्रोबमध्ये (तारेभोवती ओवायची लवचिक कॉइल असलेल्या प्रोबमध्ये) ते आतच होतं, शिवाय कॉइलला लोहचुंबकीय गाभा नसल्याने सॅच्युरेशनची, म्हणजे जास्त करंटला गाभा चुंबकीयदृष्ट्या भरून जाण्याची, भीती नाही. मॉसफेटच्या पायाभोवती कॉइल ओवायला जागा असेल तर तोच प्रोब घ्या. घरी केलेला लूप वापरणार असाल तर एक तपासणी अजिबात टाळू नका, मी प्रत्येक बोर्डवर आधी हीच करतो: लूप त्याच जागी धरून 180 अंशांत फिरवा. वेव्हफॉर्म जशीच्या तशी उलटी व्हायला हवी. नाही झाली, तर स्विच नोडचं (मॉसफेट आणि इंडक्टर जिथे जुळतात त्या बिंदूचं) व्होल्टेज कपॅसिटिव्ह मार्गाने लूपमध्ये शिरतंय. मग शिल्डेड (धातूचं आवरण असलेला) लूपच हवा. मात्र डीसी भाग यातल्या कशातच दिसत नाही, त्यामुळे इंडक्टरचा सरासरी करंट हवा असेल तर हॉल सेन्सरचा प्रोब किंवा शंट (करंटच्या मार्गात घातलेला छोटा रेझिस्टर) लागेल.