खोडावर पंख मिटून बसलेला उडता सरडा कसा ओळखायचा?

तुम्हाला दिसलेला सरडा कोणता, असं तुम्ही विचारलंय. कर्नाटकातल्या पश्चिम घाटात आगुंब्याजवळची सुपारीची बाग, खोडाला चिकटलेला राखाडी सरडा, गळ्याखाली मध्येच चमकून जाणारं पिवळं काहीतरी आणि पंखांचा मात्र पत्ता नाही. एवढ्या वर्णनावरून मी तरी उडता सरडा, म्हणजे ड्रॅको डुसुमिएरी असंच म्हणेन. आणि तोही नर.

पंख दिसले नाहीत म्हणून शंका घेऊ नका. बसलेला असताना ते अंगालगत मिटलेलेच असतात. खरं तर ते पंख नव्हेतच. काही बरगड्या खूप लांब वाढलेल्या असतात आणि त्यांच्यावर कातडीचा पडदा असतो. बरगड्या बाहेर फाकल्या की पडदा ताणला जातो. तेव्हा ओळखीसाठी आधी गळा बघा. नराच्या गळ्याखाली लिंबासारख्या पिवळ्या रंगाची, डोक्याहून लांब, टोकदार पट्टी असते आणि तो ती सारखी खाली-वर करतो. मादीची अगदी लहान आणि फिकट. शरीर चपटं, बारीक. शेपटीसकट लांबी जेमतेम 20-22 सेंमी, त्यातली निम्म्याहून जास्त शेपटीच. बागेत नेहमी दिसणारा सरडा याहून दणकट असतो आणि त्याच्या पाठीवर काट्यांचा तुरा स्पष्ट दिसतो. गळा फुलवणारे दुसरे सरडेही आहेत, पण ते उघड्या माळावर जमिनीवर वावरतात, उंच खोडांवर नाही.

ड्रॅको कुळीच्या बहुतेक जाती आग्नेय आशियात आहेत. पश्चिम घाटात मात्र ही एकच आहे, त्यामुळे इथे जातींमध्ये घोळ व्हायचं कारण नाही. हाच सरडा ईशान्य भारतात दिसला असता तर मी इतक्या ठामपणे बोललो नसतो.

उडी मारताना दिसला तर पडद्याकडे नीट बघा. वरून तो काळपट-जांभळा आणि त्यावर फिकट ठिपके, खालून कडेजवळ मोठे काळे ठिपके. आणि पुढच्या पायांवर लक्ष ठेवा, हा भाग मला सगळ्यात भन्नाट वाटतो. माक्सिमिलियान डेलिंग या जर्मन संशोधकाने आगुंब्याच्याच परिसरात, सोडून दिलेल्या सुपारीच्या बागेत या सरड्यांचे फोटो काढले आणि 2017 मध्ये दाखवून दिलं की झेप घेतल्यावर सरडा पुढच्या पायांनी पडद्याची पुढची कड धरतो आणि उतरण्याआधी सोडतो. म्हणजे पाय आणि पडदा मिळून एकच पंख होतो, आणि दिशा बदलायलाही बहुधा तोच उपयोगी पडतो.

पुन्हा गेलात तर खोडावर मुंग्यांची रांग असेल तिथे थांबा. मुंग्या हे याचं मुख्य खाणं आहे. फोटो समोरून नको, बाजूने काढा. गळ्याची पट्टी बाहेर आलेली सापडली की ओळखीला आणखी काही लागणार नाही.