‘नॅनो’चा डिप्लोमा नको, तिचा प्रोजेक्ट पुरा होऊ द्या

प्रश्न : मुलगी केमिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सीजीपीए ८.१. मेम्ब्रेन (सूक्ष्म छिद्रांचा पडदा) वापरून औषधाचे नॅनोस्फटिक (अतिसूक्ष्म स्फटिक) सलग तयार करायच्या प्रोजेक्टपायी रात्री आठपर्यंत कॉलेजात असते. यात नोकरी आहे का? नॅनोच शिकायचं तर खासगी संस्थेच्या नॅनोटेक्नॉलॉजी डिप्लोमाची फी भरतो. नाहीतर बँकेच्या परीक्षांचा क्लास लावतो. हे पत्र तिला न सांगता लिहिलं आहे. – एक पालक, सांगली

उत्तर : मला खटकलं ते तुमचं शेवटचं वाक्य. फीची तजवीज झाली, क्लास ठरला, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय तिला पत्ताच नाही! तिला काय करायचंय, याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. आठ वाजेपर्यंत थांबण्याची काळजी परतीच्या प्रवासाची असेल, तर तिला तसं स्पष्ट सांगा. त्यावर तोडगा निघेल. पण काळजी प्रवासाची आणि इलाज बँकेच्या क्लासचा, हे बरोबर नाही. तिसऱ्या वर्षात स्वतःहून लॅबमध्ये रमणारी मुलं मला फार कमी भेटतात.

दुसरं, नॅनो म्हणजे वेगळी शाखा हा तुमचा गैरसमज आहे. तिचं काम अस्सल केमिकल इंजिनीअरिंगचंच आहे. अनेक औषधं पाण्यात नीट विरघळत नाहीत. स्फटिक बारीक केला की तेवढ्याच औषधाचा पृष्ठभाग वाढतो आणि ते लवकर विरघळतं. २००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेली सिरोलिमसची (किडनी प्रत्यारोपणानंतर द्यायच्या औषधाची) गोळी याच तत्त्वावरची. असे स्फटिक सहसा बारीक मण्यांच्या गिरणीत दळून काढतात, पण त्यात वेळ जातो आणि मणी झिजून त्यांचे कण औषधात उतरू शकतात. मेम्ब्रेनच्या पद्धतीत शेवयांसारख्या बारीक पोकळ नळ्यांचा जुडगा असतो. नळ्यांच्या भिंतींना सूक्ष्म छिद्रं असतात. एका बाजूला ॲसिटोनसारख्या द्रावकात विरघळवलेलं औषध, दुसऱ्या बाजूला पाणी. असंख्य छिद्रांपाशी दोन्ही मिसळतात आणि औषध तिथल्या तिथे स्फटिक होऊन बाहेर पडतं. मोठ्या टाकीत ढवळताना एका कोपऱ्यात मिश्रण दाट, दुसऱ्यात पातळ राहतं आणि स्फटिक लहानमोठे होतात. इथे मिसळणं सगळीकडे जवळपास सारखं, आणि माल बॅचने न निघता सलग निघतो. अमेरिकेत न्यूअर्कला न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रा. कमलेश सिरकर यांच्या गटाने पोकळ नळ्यांच्या मेम्ब्रेनवर असं काम केलं आहे. खरी डोकेदुखी छिद्रं तुंबण्याची. तुमची मुलगी आठपर्यंत थांबते ती बहुधा त्यापायीच. हे कुठलाही डिप्लोमा शिकवणार नाही.

नोकरीचं स्पष्ट सांगते. ‘मेम्ब्रेन क्रिस्टलायझेशन’ या नावाची जाहिरात तुम्हाला क्वचितच दिसेल. पण स्फटिकाचा आकार ताब्यात ठेवणं, कणांची मापं घेणं, गाळणं, लॅबमधलं काम प्लांटवर नेणं, हे औषध कंपन्यांच्या प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये रोज लागतं. औषधांच्या सलग उत्पादनासाठी क्यू-१३ ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही २०२२ मध्ये आली. पुढे शिकायचं तर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन मुंबईच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) किंवा आयआयटीत एम.टेक., नंतर हवं तर पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पीएच.डी.

डिप्लोमाची फी भरू नका. बँकेचा क्लासही आत्ता नको. तिला स्वतःला बँकेत जायचं असेल तर पदवीनंतरही त्या परीक्षा आहेतच. आधी हे पत्र तिला दाखवा. मग एक दिवस तिच्या लॅबमध्ये जा आणि नळ्या तुंबल्या की ती काय करते, ते तिलाच विचारा. पुढचं पत्र तिने लिहिलं तर मला जास्त आवडेल.