सागाची तोड अडली, कारण धनेश: तुमचे प्रश्न

प्रश्न (आजरा): सर, मालकीच्या रानात साग आहे, जानेवारीत तोडीचा अर्ज दिला, मार्चात गार्ड बघून गेला आणि आता म्हणतात बांधावरच्या बेहड्याच्या झाडात धनेश पक्ष्याचं (हॉर्नबिल) घरटं आहे, जून सरेपर्यंत थांबा. व्यापारी म्हणतोय तोडून टाकू, दंड भरू. काय करू?

उत्तर: दादा, व्यापाऱ्याचं अजिबात ऐकू नका. तो लाकूड घेऊन जाईल, सातबारा तुमच्या नावावर आहे. साग 1964 च्या झाडतोड कायद्यात अनुसूचित झाड आहे, म्हणजे स्वतःच्या रानातला असला तरी परवाना लागतोच. आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्याचं घरटं मोडणं, अंडी नासवणं हे शिकारीतच धरलंय, त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे, नुसत्या दंडावर भागेल या भ्रमात राहू नका.

आता तुम्ही म्हणाल घरटं बेहड्यात, मी तोडणार साग, मग अडचण काय. तर धनेशाची मादी ढोलीत शिरली की तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते, आणि नर तिला नि पिल्लांना बाहेरून चारत राहतो, साधारण फेब्रुवारी ते मे-जून. शेजारी कटर सुरू झाला आणि नर बुजला तर आतली सगळी उपाशी. शिवाय ढोली चांगली असली तर जोडी पुढच्या वर्षी तिथंच येते, म्हणजे पुढच्या जानेवारीत अर्ज दिलात तर हेच रडगाणं. पावसाळ्यातच कागद द्या, पाहणी दिवाळीच्या आत होऊ दे आणि तोड नोव्हेंबर-डिसेंबरात उरका. बेहड्यापासून लांबचे साग आधी सोडता येतील का, हेही आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) साहेबांना लेखी विचारा.

एक मात्र स्पष्ट बोलतो, पुष्कळदा खापर उगाच पक्ष्यावर फुटतं. मोजणी नाही, सातबाऱ्यावर झाडांची नोंद नाही, भावकीतल्या कुणाची तरी सही राहिलीय, आणि सांगताना काय तर "वन्यजीवचं आहे". तोंडी उत्तर घेऊच नका, कारण लेखी मागा, नाही दिलं तर माहिती अधिकार टाका.

प्रश्न (राधानगरी): गाव अभयारण्याच्या इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये आलंय. आता झाड कधीच तोडता येणार नाही का?

उत्तर: येतं की. झोन म्हणजे अभयारण्याभोवतीचा पट्टा, अभयारण्य नव्हे. झोनमध्ये मालकीच्या झाडाची तोड बंद नाही, नियंत्रित आहे, आधी परवानगी हवी एवढंच. गव्यांच्या वाटेवरचं रान असेल तर पाहणीला जास्त वेळ लागू शकतो, तो धरूनच व्यापाऱ्याला तारीख द्या.

प्रश्न (कोल्हापूर शहर): दारातल्या पिंपळावर बगळ्यांनी वसाहत केलीय, घाण आणि वास असह्य. महापालिकेकडून फांद्या छाटून मिळतील का?

उत्तर: ताई, पिल्लं उडेपर्यंत नाही. बगळे पावसाळ्यात घरटी करतात, सगळी रिकामी झाली की मग छाटणीचा अर्ज द्या. आणि पिंपळ 50 वर्षांच्या वरचा असेल तर शहरी झाडांच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनं तो हेरिटेज (वारसा) वृक्ष ठरतो, तिथं तोडीचा विचार सोडाच.

प्रश्न (चंदगड): शेतातल्या बांबूला पण हाच परवाना लागतो का?

उत्तर: नाही. 2017 मध्ये केंद्रानं वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू काढला, मालकीचा असेल तर तोडा. फक्त बेटात कुणाचं घरटं नाही ना, हे आधी वाकून बघा.