तारीख उलटली म्हणजे टाकायचंच का?

प्रश्न: कपाट आवरताना टोमॅटोचा एक डबा, मधाची बाटली आणि डाएट सोड्याचे चार कॅन सापडले, सगळ्यांची बेस्ट बिफोर तारीख तीन-चार महिन्यांपूर्वीच गेलीय. टाकून देऊ का? जीव होत नाहीये.

उत्तर: अहो थांबा, लगेच फेकू नका! बेस्ट बिफोर म्हणजे तोपर्यंत चव-वास एकदम मस्त राहील एवढंच, त्यानंतर ते विष होतं असं नाही, पण पाकिटावर यूज बाय किंवा एक्सपायरी लिहिलं असेल तर मात्र ती तारीख पाळायचीच, आणि बाळाच्या फॉर्म्युला पावडरीची तर नक्कीच.

मध बिनधास्त वापरा, साखरेसारखे दाणे धरले असले तर बाटली कोमट पाण्यात ठेवा, विरघळतात (फक्त १ वर्षाच्या आतल्या बाळाला मध, ताजा असला तरी, देऊ नका). डाएट सोडा पिऊन काही होणार नाही, पण त्यातलं अ‍ॅस्पार्टेम (साखरेऐवजी घालतात ते गोड रसायन) हळूहळू मोडतं म्हणून गोडी कमी लागेल.

टोमॅटोचा डबा नीट बघा हं. आंबट पदार्थ डब्यात साधारण १२ ते १८ महिने चांगले राहतात, बिनआंबट २ ते ५ वर्षं. झाकण बोटाने दाबा, खालीवर होतंय, डबा फुगलाय, गळतोय किंवा उघडताना आतलं उसळून बाहेर येतंय तर चाखूनसुद्धा बघू नका, कारण बोट्युलिझमचं (जिवाणूंमुळे होणाऱ्या जीवघेण्या अन्नविषबाधेचं) विष वासावरून कळत नाही, सरळ टाकायचा. आणि डबा एकदा उघडला की छापलेली तारीख विसरा, उरलेलं काचेच्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा न् ५-७ दिवसांत संपवा.