फायबर बॉडीच्या जुन्या गाडीचा रंग पेंट रिमूव्हरने काढावा का?

काढू नका. तुम्ही लिहिलंय की वडिलांची सिपानी डॉल्फिन आहे, रंगाचे पापुद्रे सुटलेत, बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे आहेत आणि गॅरेजवाला म्हणतोय, ‘रिमूव्हर मारतो, एका दिवसात साफ.’ पत्र्याच्या गाडीला त्याचं म्हणणं बरोबर आहे. डॉल्फिनला ते लागू होत नाही.

मी कोकणात फायबरच्या बोटींची दुरुस्ती करतो, अधूनमधून अशा गाड्याही येतात. डॉल्फिन १९८२पासून बंगळूरला बनायची, इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून. इंजिन ८४८ सीसी, खाली लोखंडी चासी आणि वर सगळी फायबरची बॉडी. या गाडीचं बॉनेट आज दुकानात मिळत नाही. त्यामुळे तुम्ही जे खरवडून काढाल ते कायमचं गेलं, हे धरूनच कामाला हात घाला.

फायबर म्हणजे काचेच्या तंतूंची मॅट आणि तिच्यात मुरवलेलं पॉलिएस्टर रेझिन. त्यावर साधारण अर्ध्या मिलीमीटरचा जेलकोट असतो. पाणी आणि ऊन अडवायचं काम तो करतो, रंगही त्यालाच धरून बसतो. बाजारातल्या जोरकस रिमूव्हरमध्ये बहुधा मिथिलीन क्लोराइड असतं. ते रंग सोडवतं तसंच रेझिनही मऊ करतं. वर जुन्या जेलकोटला सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात, केसासारखे तडे असतात. रिमूव्हर त्यातून मॅटमध्ये उतरतं आणि पाण्याने कितीही धुतलं तरी सगळं बाहेर येत नाही. नवा रंग चढतो, गाडी झकास दिसते, आणि पहिल्या कडक उन्हाळ्यात बॉनेटवर फोड उठतात. अशी एक गाडी माझ्याकडे आली होती. फोड टाचणीने टोचला की आत ओलसर, वास थेट रिमूव्हरचा. तो सगळा भाग मॅटपर्यंत घासून पुन्हा बांधावा लागला. बोटींसाठी सौम्य रिमूव्हर मिळतात, पण तेही जेलकोट धडधाकट असेल तरच, आणि तडे गेलेला जेलकोट धडधाकट नसतो.

हीट गनही नको. पॉलिएस्टर रेझिन ७०-८० अंशांच्या पुढे ढिलं पडायला लागतं आणि गनची हवा काही शे अंश असते. सँडब्लास्टिंगने जेलकोट उडतो.

मग उरतं हाताने सँडपेपर मारणं. त्याआधी बॉडी साबणाने धुवा, वाळू द्या आणि वॅक्स-ग्रीस काढायच्या सॉल्व्हंटने पुसून घ्या. हे घासण्याआधीच करायचं, नाहीतर वर्षानुवर्षांचं पॉलिश आणि सिलिकॉन पेपरखाली आत दाबलं जातं आणि रंग मारताना माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. जाड थर ८० नंबरने उतरवा, खालचा रंग दिसू लागला की १२०, मग १८०, शेवटी २४०. पेपर नेहमी ठोकळ्यावर. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या खाचा राहतात आणि चकचकीत क्लिअरखाली, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराखाली, त्या पहिल्या दिसतात. मशीन लावलंत तर कडा आणि बॉडीच्या रेषांपासून लांब ठेवा, तिथे जेलकोट सगळ्यात पातळ असतो.

थांबायचं कुठे, हे डोळ्याने कळतं. रंग आणि जुना प्रायमर गेला की एकसारखा, गुळगुळीत जेलकोट लागतो. तिथे थांबा. तंतूंची लव दिसली, हाताला खरखरीत लागलं, तर जास्त खाली गेलात. आणि जिथे जुना रंग घट्ट बसलाय, नखाने किंवा चिकटपट्टीने सुटत नाही, तिथे तो राहू द्या, फक्त सपाट करा. सगळी गाडी नागडी करायचा हट्ट मला पटत नाही.

घासताना पूर्ण बाह्या, चष्मा आणि चांगला मास्क हवाच. काचेची धूळ अंगाला खाजते आणि छातीत जाते. काम झालं की आधी गार पाण्याने धुवा.

आता तडे. त्यांच्यावर पुट्टी ओढून काही होत नाही, वर्षभरात तीच नक्षी परत उमटते. आधी कारण शोधा: बिजागरीचा बोल्ट जास्त आवळलेला असतो, वॉशर लहान असतो, नाहीतर बॉनेटचा आधार ढिला असतो. ते नीट करा. मग प्रत्येक तडा घासून उघडा. तडा जेलकोटपुरताच असेल तर इपॉक्सी फिलर भरा. मॅटपर्यंत गेला असेल तर आतल्या बाजूने मॅट आणि रेझिनचे दोन थर द्या. आसपास एक रुपयाच्या नाण्याने टकटक करत जा. टणक आवाज आला तर ठीक, भरडा-पोकळ आला तर थर सुटलेत.

रेझिनबद्दल एक गोष्ट कधीही विसरू नका: कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते द्रव, आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, हार्डनर नंतर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र ओतले तर भडका उडू शकतो. या कामासाठी डेंटर-पेंटरपेक्षा बोटी बांधणारा माणूस गाठा. मालवण, रत्नागिरी, गोवा या पट्ट्यात फायबरच्या होड्या करणारे पुष्कळ आहेत आणि रेझिन त्यांना तळहातासारखं माहीत असतं.

रंगाच्या बाजूने थोडक्यात. पत्र्याला चावून धरणारा एच (etch) प्रायमर इथे कामाचा नाही, दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर घ्या. त्याआधी छिद्रांत बारीक पॉलिएस्टर पुट्टी रबराच्या पट्टीने दाबून भरा. नुसता प्रायमर छिद्रावर पापुद्र्यासारखा बसतो आणि नंतर फुटतो. पुट्टी पातळच ठेवा, फायबर लवतं आणि जाड पुट्टीला तडा जातो. मग पीयू (पॉलियुरेथेन) सरफेसर, म्हणजे घासून सपाट करायचा थर, मारून, घाई न करता गाडी आठ-पंधरा दिवस उन्हात उभी करा. दुरुस्ती जितकी बसायची तितकी बसते, मॅटचा विणकामासारखा ठसा उमटायचा तर आत्ताच उमटतो. त्यानंतर पुन्हा ठोकळ्याने सपाट करून बेस आणि क्लिअर. पेंट बूथमध्ये ६० अंशांवर भाजू देऊ नका, सावकाश सुकू द्या.

पावसाळ्यात हे काम काढू नका. उघडी मॅट ओल शोषते, म्हणून ती दिसत असेल तिथे पाण्याचा पेपरही नको. आणि पीयूचा फवारा घरी, साध्या मास्कवर मारू नका. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करू शकतं. घासायचं काम तुम्ही करा, रंगाची गन बूथवाल्याच्या हातात द्या.

रंग शक्यतो हलका निवडा, पांढरा किंवा क्रीम. काळ्या-गडद निळ्या बॉडीचा पृष्ठभाग उन्हात फार तापतो आणि मॅटचा ठसा वर येतो. गाडी परत आल्यावर महिनाभर वॅक्स लावू नका आणि प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आतला थिनर पूर्ण निघून जायला हवा.