साइट नव्यानं करताय? आधी हे बघ

आपल्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या साइटचं काम अंगावर घेतलंस, छान. पण लगेच डिझाइन करायला फिग्मा उघडू नकोस. आधी डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, कुणाच्या नावावर आहे आणि नूतनीकरणाचा मेल कुणाला जातो ते शोध. हमखास तो नोकरी बदलून बेंगळुरूला गेलेल्या कुणाच्या तरी जीमेलवर जात असतो.

मग जुन्या पानांच्या पत्त्यांची यादी काढ. कॉलेजच्या नोट्समध्ये, जुन्या स्लाइडमध्ये त्या लिंका अजून जिवंत असतात. पत्ता बदलायचाच असेल तर पानागणिक ३०१ रिडायरेक्ट लाव, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला आपोआप नव्या पत्त्यावर जातो. सगळं सरसकट मुख्यपानाकडे वळवणं हा शुद्ध आळस. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेने डिसेंबर २०१८ मध्ये साइट बदलली तेव्हा जुनी वेगळ्या पत्त्यावर ठेवली होती. तरी लोक चिडलेच, कारण मुख्यपानावरचा कोडचा नमुना गेला! पायथन भाषेच्या मुख्यपानावर कोड दिसतो, तिथल्या तिथे चालवूनही बघता येतो. नवख्याला आधी तेच हवं असतं.

डेटाबेसच्या भानगडीत पडू नकोस, सुरक्षेचे पॅच कोण लावत बसणार? साध्या फाइलींतून तयार पानं बनवणारं ह्यूगोसारखं काहीतरी घे. कोथरूडच्या मीटअपची तारीख बदलायला गिटमधली (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) एक ओळ पुरे.

रंगाबद्दल ग्रुपवर मत मागवलंस तर संपलंच; आपण पुणेकर आहोत. दोन पर्याय दाखव, रविवारपर्यंत मुदत दे. मराठी पान करणार असशील तर चाचणीला लोरेम इप्समचा निरर्थक लॅटिन मजकूर नको, ‘वैशिष्ट्ये’, ‘दुरुस्ती’ असे शब्द टाक. ओळींमधलं अंतर कमी पडलं की मात्रा आणि उकार कापले जातात.